पलीकडच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त स्टेशनमास्तर, ज्याला या गल्लीत सगळे नुसते मास्तर म्हणतात, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हा कागद मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळच्या उजेडात, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर नाही असे माझ्या धाकट्या भावाचे गेली पंधरा वर्षे म्हणणे आहे. त्याच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. या महिन्याच्या चोवीस तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कागदपत्रे आवरून ठेवा, असे डॉक्टर हसत हसत म्हणाले. डॉक्टर हसून बोलले की माणसाने आवरायला घ्यावे.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात घर, दागिने, वाहन असे रकाने होते, आगगाडीला रकाना नव्हता. ‘वाहन’मध्ये लिहा, असे ते म्हणाले. माझे इंजिन तळहातावर मावते आणि चौदा फुटांच्या मार्गावर धावते, त्याला वाहन म्हणणे मला पटेना. नमुना परत केला आणि कोरे कागद घेऊन बसलो.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली आहे, वारा सुटला की वाजते. ती बसवून देतो असे मी त्याच्या आईला नऊ वर्षे सांगत होतो. मागच्या खोलीबद्दल कलम सहा पाहावे. खरे तर तेच पाहावे. बाकीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी आहेत.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करून माझी तब्येत तीच विचारते. तिच्या मागे कोणीतरी खुर्ची सरकवते, कधी खाकरते. तो माझा मुलगा असतो. तो फोनवर येत नाही आणि मीही त्याला बोलव म्हणत नाही. खोकला बरा झाला का त्याचा, एवढे एकदा विचारले होते. ती म्हणाली, झाला.

कलम ३. चिमटे, बारीक करवत, कानस, सोल्डरिंगचे सामान आणि बारीक वस्तू आवळून धरायचा हातातला लहान शेगडा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या घड्याळजीला द्यावा. चिमटा बोटांनी धरायचा नसतो, श्वासाने धरायचा असतो, हे मला त्याने शिकवले. कानस घासून गुळगुळीत झाली आहे हे त्याला आधीच सांगावे, नाहीतर मेल्यावर माझी अब्रू जायची.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला मोजपट्टी. मागची खोली भाड्याने दिली तर केवढी भरेल, हे बघायला तो माझ्याच घरी माझीच मोजपट्टी मागून मापे घेत होता. मी पुलाचे खांब चिकटवत होतो, हात अडकलेले होते, म्हणून काही बोललो नाही. “म्हातारपणी खेळणी कसली मांडलीस,” असे तो सगळ्यांदेखत म्हणाला. पट्टी त्याने ठेवून घ्यावी. खोलीचे माप पाठ झालेच असेल.

कलम ५. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळातले जे जाणकार गृहस्थ एकदा बघायला आले होते, त्यांना माझे भिंग. असल्या इंजिनाला असले डबे कधी जोडलेच जात नव्हते, असे ते वाकून वाकून सांगत होते. त्या इंजिनाला ते डबे जोडून मी एकोणीस वर्षे रोज हिरवा झेंडा दाखवला आहे. भिंग चांगले आहे, त्यातून बघितले तर दिसेल.

कलम ६. मागची खोली व तिच्यातील शाखामार्ग.

हा मार्ग ज्या खऱ्या मार्गाची नक्कल आहे, त्यावर मी नोकरीची शेवटची एकोणीस वर्षे काढली. दिवसाला एक गाडी यायची, तीच परत जायची. तिच्यात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त असायच्या. मी निवृत्त झालो त्याच वर्षी मार्ग बंद झाला आणि रूळ उचलून नेले. मी महिनाभर नुसता खुर्चीत बसून होतो. मग बायकोनेच मागच्या खोलीतले धान्याचे डबे हलवले आणि म्हणाली, “अहो, इथे मांडा. पण घरभर भुसा नको.”

घरभर भुसा झाला. अकरा वर्षे झाला. भुशाला हिरवा रंग देऊन गवत केले. चहाचा चोथा वाळवून नांगरलेली शेते केली. दोन वर्षे आमच्याकडे चोथा टाकला गेला नाही, पाहुण्यांना आग्रहाने दुसरा कप मिळायचा. डोंगर रद्दीचा आणि प्लास्टरचा, नदी वार्निशच्या सतरा थरांची. फाटकवाल्याच्या खोलीमागे दोरीवर कपडे वाळत आहेत, ते तिने माझ्या जुन्या रुमालातून कापून शिवले. सदऱ्याला बाही एकच आहे, कारण तेवढ्यात तिची सुई मोडली आणि मग तिला तो तसाच आवडला. शेवटी पुलाचे कठडे बसले तेव्हा मी झाले म्हणणार होतो. तिने हात धरला. “झालं म्हणू नका. झालं म्हटलं की तुम्ही उद्या दुसरं काहीतरी उकरून काढाल.” म्हणून आजतागायत हा मार्ग पूर्ण झाल्याची नोंद कुठेही नाही. ती मी या कागदाने करत आहे. मार्ग पूर्ण आहे.

वाचणाऱ्याला नियम माहीत असावा म्हणून सांगतो. एकेरी मार्गावर दोन्हीकडून गाड्या सुटल्या तर मधे समोरासमोर येतील. म्हणून ज्याच्या हाती टोकन, म्हणजे मार्गाचा एकमेव परवाना, त्याचीच गाडी. आणि अलीकडच्या मास्तराने कितीही ठरवले तरी पलीकडचा मास्तर ‘लाईन क्लिअर’, म्हणजे वाट मोकळी असल्याचा होकार, देत नाही तोवर गाडी सुटत नाही. स्वतःच स्वतःला लाईन क्लिअर देता येत नाही. सगळी गोम इथे आहे.

दाराकडचे स्टेशन माझे, खिडकीकडचे तिचे. जुन्या कुलपाची पितळी झाकणी हे आमचे टोकन. दोन्ही टोकांना एकेक लहान घंटी, मधे तार. चौदा फुटांवर समोर बसलेली बायको मला दिसत होती, तरी मी तोंडाने विचारले नाही. घंटी वाजवायची, तिची घंटी उलट वाजली की मगच गाडी सोडायची. कधी ती मधेच दूध बघायला उठून गेली तर मी थांबलो. आमच्या नोंदवहीत ‘उशिराचे कारण’ या रकान्यात ‘दूध’ असे सव्वीस वेळा लिहिलेले आहे. तीन वर्षे दुपारी चारला एक गाडी जायची आणि साडेपाचला परत यायची. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची तीन वर्षे होती, आणि हे मी तिला सांगितले नाही, कारण रोज समोरच तर बसत होती.

एका गुरुवारी चारची गाडी तिच्याकडे पोचली. तिने टोकन काढून आपल्या खुंटीवर अडकवले. पाचच्या सुमारास छातीत जड वाटतेय म्हणाली. आम्ही दवाखान्यात गेलो. साडेपाचच्या गाडीपुढे काही लिहिलेले नाही. ती परत आली नाही.

तिच्या जाण्यानंतर मुलगा पंधरा दिवस माझ्याजवळ राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. घराण्यातली आडवी गाडी सोडून उभ्या गाडीच्या धंद्यात गेला, असे मी त्याला चिडवायचो. पंधराव्या दिवशी मी औषधे घेऊन आलो तर गाडी माझ्या स्टेशनात उभी. त्याने ती उचलून, हाताने, माझ्या फलाटाला लावली होती. टोकनसुद्धा आणून माझ्या खुंटीला अडकवले होते. मला कसे वाटेल याचा विचार करूनच त्याने ते केले होते, हे आज कळते. त्या वेळी मी औषधांची पिशवी दारातच ठेवली. कोणाच्या परवानगीने, असे मी विचारले. पलीकडून लाईन क्लिअर नव्हती, असे म्हणालो.

त्याने खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाला, “बाबा, आई नाहीये आता. लाईन क्लिअर कोण देणार?”

“मग गाडी जाणार नाही,” मी म्हटले. त्याच्यासमोर गाडी उचलून परत तिच्या स्टेशनात ठेवली आणि टोकन तिच्या खुंटीला अडकवले.

तो संध्याकाळी गेला. एवढ्यावर थांबलो असतो तरी मिटले असते. पण माणूस सवयीचा गुलाम. हाताखालच्या माणसाने चूक केली की जे करायचो तेच मी केले. मुलाला पत्र लिहिले: विनाटोकन गाडी हलविल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खाली सही, हुद्दा, तारीख.

त्याने खुलासा पाठवला. एकच ओळ होती: ‘आईच्या जागेवर गाडी एकटी उभी आहे हे मला बघवलं नाही.’

आणि मी, ज्याने हा कागद उराशी धरून रडायला हवे होते, मी त्याच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला आणि तो परतीच्या टपालाने पाठवून दिला.

याला चार वर्षे झाली. मुलगा आला नाही. मार्गावर धूळ बसू नये म्हणून मी दर शनिवारी मऊ कुंचल्याने रूळ झाडतो. गाडीला हात लावत नाही. जेवताना रेडिओ लावून ठेवतो, बातम्या देणारा तरी बोलतो. मागच्या हिवाळ्यात तापात तीन दिवस पडून होतो, तर समोरचे शिंपी गॅसवाल्याला घेऊन दार ठोठावायला आले, तेव्हा कळले की तीन दिवस झाले. मला एकटे वाटते. हे मृत्युपत्रात लिहायचे असते की नाही माहीत नाही, पण दुसरीकडे लिहायला जागा नव्हती.

तरी असे ठरवतो की संपूर्ण शाखामार्ग, इंजिन, तिन्ही डबे, दोन्ही घंट्या, टोकन व नोंदवही मुलाला द्यावी. मार्ग दारातून निघणार नाही. मी मोजूनमापून केला, फक्त दार मोजायचे राहिले. भावाने मात्र मोजले होते. निघाला नाही तर कापावा. जोड कुठे आहेत ते खालून खडूने दाखवले आहे. मंडळाच्या जाणकारांना बोलावू नये.

तसेच वर सांगितलेला शेरा मी रद्द करत आहे. खुलासा समाधानकारक आहे. त्या दिवशी पोचला तेव्हाच समाधानकारक होता. चूक शेरा मारणाऱ्याची आहे आणि त्याबद्दल त्याला खुलासा द्यायला सुचत नाही.

कलम ७. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी गेल्यावर मुलाने वरचे कलम वाचले तर तो उत्तर कोणाला देईल?

नव्याने भरती झालेल्यांना मी एक नियम नेहमी शिकवत असे. दोन स्टेशनांतला संपर्क सगळ्या बाजूंनी तुटला, तार नाही, फोन नाही, तर हातावर हात धरून बसायचे नाही. एक रिकामे इंजिन सोडायचे. माणूस चालतो त्या वेगाने, प्रत्येक वळणावर शिट्टी देत. त्याच्या ड्रायव्हरजवळ एक कागद द्यायचा आणि पलीकडून उत्तर मागवायचे. हा नियम मला झोपेतही म्हणता येतो. चार वर्षांत तो मला आठवला नाही असे नाही. इंजिन मी का सोडायचे, त्याने सोडावे, असे वाटत राहिले. फोन दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला.

म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत मी जिवंतपणीच, आजच्या आज, मुलाला पाठवत आहे. वकिलांना हे पसंत नाही.

मुला, चोवीस तारखेच्या आधी ये. जमले नाही तर नंतर ये, तेव्हाही मी असेन असा डॉक्टरांचा अंदाज आहे. खिडकीकडच्या खुर्चीत तू बस. ती खुर्ची मी कोणाला बसू दिलेली नाही, तिच्यावर कपडेही टाकलेले नाहीत. गाडी तुझ्याकडे उभी आहे आणि टोकनही तुझ्याकडेच आहे. कधी सोडायची ते तू ठरव. मी माझ्या स्टेशनात रोज चार ते साडेपाच हजर असतो.

सही (स्वहस्ते)
निवृत्त स्टेशनमास्तर
स्थळ: मागची खोली, दाराकडची बाजू
दिनांक: बुधवार, ४ फेब्रुवारी

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली. साक्षीदाराला काही मिळता कामा नये, असा कायदा असल्याने आमच्या नावे काही ठेवलेले नाही, हे मास्तरांनी समजावून सांगितले व आमची त्याबद्दल तक्रार नाही.

साक्षीदार १: समोरचे शिंपी (सही)
साक्षीदार २: दवाखान्यातले कंपाउंडर (सही)

शिंपी यांची जादा नोंद: पाकीट मी टाकून येतो म्हणालो, पण मास्तर ऐकेनात. डॉक्टरांनी चालू नका सांगितले आहे, तरी टपालपेटीपर्यंत माझा हात धरून आले. वाटेत तीनदा थांबले. पाकीट स्वतः आत टाकले. मग पेटीवरची वेळ वाचली आणि टपाल न्यायला माणूस येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मीही राहिलो.