बाबांच्या हाताखालचं इंजिन

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर 'गिऱ्हाईक आहे, नंतर करतो' म्हणून ठेवून देतोस. म्हणून म्हटलं, कागद बरा. टायरचं दुकान जोरात चाललंय असं कानावर येतं. चालू दे बापडं. वहिनींना नमस्कार सांग, पोरीचा पापा घे.

बाबा आहेत तसेच आहेत. जेवतात, झोपतात, दारात खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात. हल्ली गॅस बंद केला की मला हाक मारतात, 'बघ गं, नीट बंद झालाय ना?' नळाचंही तेच, कडीचंही तेच. डोळे चांगले आहेत, हात चांगले आहेत, पण स्वतःवरचा विश्वास पार गेलाय. असो.

आता कामाचं. ट्रकने अंग टाकलंय. मागून असा धूर सोडतो की मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत नाहीत, थेट शिव्या देतात. ऑइल तर पाण्यासारखं पितोय. परवा सिमेंट भरून जुन्या चढणीवर गेले तर पहिल्या गिअरमध्येही जीव नाही. एक सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि वर मलाच म्हणतो, 'ढकलू का, ताई?'

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून भकाभका धूर. म्हणाला, 'संपलं हे. एकतर खोलून नव्याने बांधू, नाहीतर बाजारातून दुसरं जुनं आणून बसवू. माझं ऐकाल तर बदला.' त्याचं म्हणणं खोटं नाही. बदललं की गाडी लगेच रस्त्यावर. बांधायचं तर इंजिनचा सांगाडा म्हणजे ब्लॉक आतून कापायला कारखान्यात जाणार, पार्ट येणार, तोवर गाडी विटांवर उभी. आणि सिमेंटवाला काही माझ्यासाठी थांबून राहणार नाही. तो दुसरी गाडी लावेल, की माझा धंदा बसला.

तरी मी बांधायचंच म्हणतेय. वेडेपणा म्हण. कोरी गाडी बाबांनी शोरूममधून स्वतः चालवत आणली होती, आणि हे इंजिन त्यांनी तुझ्याखेरीज कुणाला खोलू दिलं नाही. केबिन बदलली, चाकं बदलली, फाळकी तर कितीदा बदलली. आता इंजिनही गेलं तर त्या गाडीत बाबांचं राहिलं काय?

त्यांना विचारलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'मला काय विचारतेस? मीच तर ते मारलं.' मी भांडी आवरायला उठले तेव्हा हळूच म्हणाले, 'ब्लॉक तेवढा जुना राहिला तर बघ.'

तेवढ्यासाठीच लिहितेय. आधी रिंगांचं आणि मग इंजिन जाम झालं तेव्हाचं, ही दोन्ही कामं तू तुझ्याकडच्या गॅरेजात करून घेतली होतीस. आत काय काय बदललंय ते कळव, म्हणजे पार्ट मागवताना चुकणार नाही. मिस्त्री सोमवारी खोलायला घेतोय.

तुझी,
धाकटी


दि. १३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार.

वा रे वा! आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तुझं पत्र आलं, आणि तेही एवढ्या तातडीने! 'इंजिन अजिबात खोलू नका. आहे तसं भंगारात घाला. चांगलं इंजिन मी पाठवतो, तुम्हाला काही तोशीस नाही.' खरं सांगू? ते वाचून मला आधी रडूच आलं. म्हटलं, आपल्या दादाला पाझर फुटला! दारातच उभी राहून मी मूर्खासारखी डोळे पुसत होते.

पण तुझं पत्र यायच्या आधीच इंजिन खोललं होतं रे.

हेड काढलं, पिस्टन बाहेर आले. मिस्त्रीने एक फडक्याने पुसला, उन्हात धरला आणि माझ्याकडे बघतच राहिला. पिस्टनच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, तुला माहीत असणारच. दर वेळी ब्लॉक कापून मोठा पिस्टन घालत गाठलेलं ते शेवटचं माप. त्याच्यापुढे पिस्टन मिळतच नाही. म्हणाला, 'ताई, हा ब्लॉक इतक्या वेळा कापलाय की आता कापायला भिंतच उरलेली नाही. क्रँकची तीच गत.' मी म्हटलं, कसं शक्य आहे? बाबांचं इंजिन जाम झालं तेव्हा कापलं असेल तर एकदाच. ब्लॉकच्या कडेचं काळं ग्रीस त्याने खरवडून काढलं. जिथे इंजिनचा नंबर ठोकलेला असतो, ती जागा ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेली. 'हे इंजिन या गाडीचं नाहीच,' म्हणाला.

मी तिथेच टायरवर बसले.

'पिस्टनच्या रिंगा बदलून आणतो, मामुली काम आहे,' असं म्हणून तू गाडी नेली होतीस. बाबांनी हसत हसत चावी दिली होती तुझ्या हातात. 'पोरगा लक्ष घालायला लागला गाडीत,' असं गल्लीभर सांगत फिरले. गाडी परत आली आणि पुढच्याच महिन्यात तुझं दुकान उघडलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला आलो होतो रे! आमच्याच गाडीचं चांगलं इंजिन विकून उभ्या केलेल्या दुकानात आम्ही टाळ्या वाजवल्या.

इंजिन विकलंस, तेही एकवेळ मी गिळलं असतं. गरज असेल, विचारायची लाज वाटली असेल, चुकतं माणूस. पण चढणीवर ते इंजिन बाबांच्या हातात जाम झालं, त्या दिवशी तू काय केलंस? वजनकाट्याजवळ, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत, 'बाबा, तुम्ही गाडी चालवत नाही, गाडी मारता. नुकतं तयार करून आणलेलं इंजिन वर्षाच्या आत खाल्लंत. पाय जड झालाय तुमचा, बसा आता घरी!' मी होते तिथे, सगळं ऐकलं. बाबांनी मान खाली घालून चावी तुझ्यासमोर धरली होती. तुला तेव्हाही माहीत होतं! कुणी आत बघू नये म्हणून दुसऱ्यांदाही गाडी तूच घेऊन गेलास.

मिस्त्री म्हणतो, ते इंजिन कुणाच्याही हातात तेवढंच टिकलं असतं. एवढं एक वाक्य कुणीतरी तेव्हा बोलायला हवं होतं.

बाबांनी त्या दिवसापासून हाय खाल्ली. गाडी पुसतात, टायर ठोकून बघतात, पण स्टिअरिंगला हात लावत नाहीत. शेजारच्या काकांनी नुसती स्कूटर आत घ्यायला सांगितली तर म्हणाले, 'नको, माझ्याकडून काहीतरी व्हायचं.' ज्या माणसाने आपल्या दोघांना उभं केलं त्याला आता स्कूटर ढकलायची भीती वाटते, दादा.

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते मी सांगणारही नाही, तू सांगायचंस. रविवारी ये. समोर बस आणि सांग की इंजिन तुम्ही मारलं नाहीत. कारण हवं ते सांग, खोटं सांगितलंस तरी चालेल, पण तेवढं एक खरं सांग. वहिनींना यातलं कळणार नाही, हा माझा शब्द.

ये रे. नाहीतर मीच सांगेन.

धाकटी


दि. २७ फेब्रुवारी

दादा,

तू आला नाहीस. तुझं इंजिन आलं.

टेम्पोवाल्याने सकाळीच दारात आणून उभं केलं. धुतलेलं, पुसलेलं, वरून ताजा रंग. सोबत साधी चिठ्ठीही नाही. अंगाची नुसती लाही लाही झाली. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, 'जसं आणलंस तसं घेऊन जा, आणि पाठवणाऱ्याला सांग, त्याच्या दुकानातलं आम्हाला काही नको.' तो बिचारा बावचळला. आवाज ऐकून बाबा बाहेर आले. 'कुणी पाठवलं?' म्हणाले. मी म्हटलं, दादाने. तर चेहरा असा उजळला त्यांचा! 'बघ, आठवण आहे हो त्याला.'

मग मला राहवलं नाही. हात धरून त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. रिंगा, दुकान, वजनकाटा, काही ठेवलं नाही.

ते ड्रायव्हर आहेत, त्यांना समजवावं लागत नाही. पिस्टन उचलून त्यांनी माप वाचलं. ब्लॉकमध्ये बोट फिरवलं. घासलेल्या जागेवर अंगठा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर तुझ्या नावाने शंख करतील. निदान ताठ तरी होतील. मी त्याचीच वाट बघत होते. एवढ्या वर्षांनी माझे बाबा मला परत मिळणार होते.

ते म्हणाले, 'झाकून ठेव हे. मिस्त्रीला म्हणावं, कुठे बोलू नकोस.'

'बाबा, तुम्ही इंजिन मारलं नव्हतं!' मी ओरडलेच. 'कळतंय का तुम्हाला?'

'हळू बोल,' म्हणाले. 'मी मारलं म्हटलं की एक म्हातारा ड्रायव्हर वाईट ठरतो. त्याची सवय झालीये मला. हे बाहेर गेलं तर...' दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले. 'त्याला लिही, इंजिन पोचलं. बाबा खूश आहेत.'

तर लिहिलं. इंजिन पोचलं. बाबा खूश आहेत.

परत पाठवू दिलं नाही त्यांनी. परत गेलं तर चार लोक विचारतील, का. टेम्पोवाल्याला चहा दिला, उतरवताना स्वतः साखळी धरली. मिस्त्रीने दोन दिवसांत बसवलं. तो जुना ब्लॉक बाबांनी स्वतः उभं राहून भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला, आणि ती गाडी वळेपर्यंत रस्त्यावरून हलले नाहीत. तुझ्याविरुद्ध माझ्याकडे आता काही नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

सिमेंटवाला टिकला. काल भरल्या गाडीने चढण चढले, तिसऱ्या गिअरमध्ये, धुराचा मागमूस नाही. इंजिन फार चांगलं आहे, दादा. रोज चावी फिरवते, पहिल्या झटक्यात लागतं, आणि मला रोज ते सहन करावं लागतं.

मागच्या पत्रात ये म्हटलं होतं. आता येऊ नकोस. तू आलास तर बाबा तुला जवळ घेतील.

बाबांची मुलगी