गणूभाऊंचा भाता

ता. १९ ऑगस्ट १९३८. लोणावळे.
आज गणूभाऊंचा दहावा. इंद्रायणीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर बसलेले होते, खाली एकही उतरेना. भाऊंची आई, मी तिला मावशी म्हणतो, हात जोडून म्हणाली, "माझी काळजी करू नगंस. मी खाईन माझं." एकही कावळा हलला नाही. भाऊंच्या मामांनी घर सांभाळायचा शब्द दिला. नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "भाऊ, भाता मी पुन्हा लावीन. घाट मी चढवीन. तिसऱ्या गिअरात, दुसरा न टाकता."
बोलणं संपलं नाही तोच एक खाली आला आणि पिंडाला शिवला.
सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीनं बघितलं नाही.

ता. २०.
असं का बोललो? भाऊंना दुसरं काही सुचतच नव्हतं, म्हणून असेल. शेटांच्या दोन सीटच्या स्पोर्ट गाडीला त्यांनी मुंबईहून आणलेला ब्लोअर बसवला. इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ते त्याला भाता म्हणायचे. मीही तेच लिहितो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत तिसऱ्यात, एवढंच त्यांना करून दाखवायचं होतं. तसं चढवताना वरच्या मोठ्या वळणावर गाडी कठड्याला धडकली. गाडी राहिली. भाऊ खाली दरीत.
मला गाडी चालवता येते. गॅरेजपासून बाजारापर्यंत.

ता. २३.
इस्माईलभाईंना, म्हणजे गॅरेजच्या मालकांना, सांगितलं. म्हणाले, "कावळ्यानं ऐकलं म्हणजे शेटनं ऐकलं असं होत नाही, दत्तू."
संध्याकाळी शेट स्वतः आले. म्हणाले, गाडी सरळ करा. गणपती बुडाले की नवा ड्रायव्हर गाडी न्यायला येईल, त्याआधी भाता काढून ठेवा. इ.भाई म्हणाले, काढायच्या आधी घाटात एकदा चाचणी घ्यावी लागेल. शेट म्हणाले, "घ्या. पण गाडी जपून."
गाडी जपून.

ता. २६.
भाता खोलला. पाती सरळ. बेअरिंग मोकळं. तेलाची नळी मोकळी. कार्बोरेटरची झडप बोटानं फिरवली, लोण्यासारखी फिरते. पाय उचलला की ती मिटते आणि इंजिन शांत होतं. मिटत होती. सगळं जागच्या जागी आहे.
काहीतरी तुटलेलं सापडावं असं फार वाटत होतं.
अपघाताच्या दिवशी वळणाजवळ गुरं राखत होता तो म्हातारा आज गॅरेजवर आला होता. म्हणाला, "वळणाला आवाज कमी झालाच न्हाई. उलट वाढला." भाऊ वळणाआधी पाय उचलायचे. नेहमी. मलाही तेच शिकवलं.

ता. २९.
आंदर मावळातून आलो तेव्हापासून मावशीकडंच जेवतो. आज तिनं वाढलं. मग एकदम, "नऊ महिने म्या वागवला. म्या सांगितलं तर शिवला न्हाई. लोखंडाचं नाव घेतलंस अन आला व्हय?"
मी ताट बाजूला सारलं.
"खा. तुझ्यावर राग न्हाई."
होता.

ता. १ सप्टेंबर.
भाता चढवला, पट्टा ताणला, सुरू केलं. आधी घुमतो, मग शिट्टीसारखा वर चढतो. तोच आवाज. इ.भाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेले.
दुपारी जेवायला गेलो. मावशीनं दोन ताटं मांडलेली. एक माझं समजून पाटावर बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि तिसरं ताट घेऊन आली.
तिसऱ्यात मी जेवलो. एक ताट रिकामंच होतं, ते नंतर तिनं धुतलं.

ता. ३.
वळवणच्या रस्त्यावर गाडी काढली. धुकं इतकं की बॉनेटच्या टोकापलीकडे दिसेना. भात्याच्या दाबाचा काटा छान वर. पाय उचलला.
इंजिन उतरलं नाही.
पाय पूर्ण वर, आणि गाडी पुढं ओढतेच आहे. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. किल्ली फिरवून बंद केलं. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटर आणि भाता यांमधली नळी पांढरी. बोट लावलं, ते चिकटलं. बर्फ.
गॅरेजवर पळत गेलो, इ.भाईंना घेऊन आलो. तोपर्यंत नळी नुसती ओली. झडप पुन्हा लोण्यासारखी.
"बर्फ? लोणावळ्यात? मग गॅरेज कशाला चालवायचं, सोड्याचं दुकान टाकू."

ता. ४.
रात्रभर तेच डोक्यात. भाऊ पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळायचे. स्पिरिट तळहातावर घेतलं की किती गार लागतं. त्यात धुक्याचं पाणी. झडपेवर बर्फ धरत असेल, ती उघडीच अडकत असेल. आणि गाडी थांबली की इंजिनाच्या धगीनं वितळत असेल.
इ.भाईंना सांगितलं. ते हसले नाहीत. "स्पिरिट काढून टाक मग."
काढून बघितलं. भात्याच्या दाबाखाली इंजिन ठोके देतं. तिसऱ्यात घाट चढणार नाही.
एक गोष्ट मात्र बसत नाही. क्लच मी दाबला, किल्ली मी फिरवली. मी भित्रा माणूस, मला सुचलं. भाऊंना नाही सुचलं? की हात किल्लीपर्यंत गेला आणि त्यांनीच तो मागे घेतला… वळण पार झालं की खंडाळा फार लांब राहत नाही.
हे लिहायला नको होतं.

ता. ६.
धुराड्याच्या नळीवर पत्र्याची खोळ केली, तिथून गरम हवा कार्बोरेटरकडे आणली. झडपेला दुसरी स्प्रिंग. इ.भाई म्हणाले, "कार्बोरेटरला घोंगडी पांघरलीस रे!" बर्फ धरला नाही. पण आज धुकंच नव्हतं. म्हणजे काहीच कळलं नाही.

ता. ७.
मावशीला सगळं सांगितलं, नाही, शेवटचं, किल्लीचं, नाही सांगितलं. नीट ऐकलं तिनं.
"त्यो बर्फ मग कुटं गेला?"
"वितळला."
"म्हंजी व्हता का न्हाई ते बी कळायचं न्हाई."
मी म्हटलं, मावशी, मला भीती वाटते. मी नाही जात. शब्द परत घेतो.
ती चूल सारखी करत होती. म्हणाली, "कुणाकडनं घेणार?"

ता. ८.
गणपती बुडाले. ड्रायव्हर परवा सकाळी. चाचणी उद्या, नाहीतर कधीच नाही. प्लग पुसून ठेवले. पुन्हा काढून पुन्हा पुसले.

ता. ९. खोपोली.
इंजिन तापायला ठेवलं आहे, तोवर लिहितो.
सकाळी गाडी बाहेर काढली तर मावशी दारात. पदर डोक्याला घट्ट बांधलेला. दार उघडून शेजारच्या सीटवर बसली.
इ.भाई धावत आले. "मावशी, उतर खाली. वेड लागलं का?"
"तू गप. तुला म्या शेंबडा बघितलाय, इस्माईल."
"अगं पण—"
"दोन शिटा हायेत न्हवं? माझा ल्योक हितं बसायचा दिस दिस. घरी यायचा त्यो नुसता जेवायला. मला बघू दे काय हाये हितं."
मी गाडी बंद केली. ती उतरली नाही. पुन्हा सुरू केली. इ.भाईंनी शेवटी आपला रुमाल काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला, म्हणाले, वारं लागतं.
घाट उतरताना, हळू, तिनं एकदाच विचारलं, "ह्येच वळण?" मी हो म्हटलं. ती दरीकडे नाही, कठड्याच्या नव्या दगडांकडे बघत राहिली.
इथं आल्यावर तिला किल्ली दाखवली. म्हटलं, माझे दोन्ही हात चाकावर असतील. मी 'बंद' म्हटलं की ही अशी फिरवायची. तिनं दोनदा फिरवून बघितली. दोन्ही वेळा इंजिन गप्प झालं. तिसऱ्यांदा मी सुरू केल्यावर म्हणाली,
"अन तू म्हणलाच न्हाईस तर?"
मला वाटलं होतं, भाऊंच्या किल्लीचं तिच्या मनात आलं नसेल.
"तर म्या फिरवीन," ती म्हणाली.
धुकं खाली उतरलं आहे, घाटाचा पहिला चढसुद्धा दिसत नाही. काटा जागेवर. भाता घुमतोय. वही सीटखाली ठेवतो.
मावशीचा हात किल्लीवर आहे. ती रस्त्याकडे बघत नाही. माझ्या पायाकडे बघते आहे.