आतलं फंक्शन बाहेरच्यांना

मंगळवार संध्याकाळ, नळदुर्ग

संदेशचा आज पुन्हा फोन. त्याच्या कंपनीच्या मॉड्यूलला, म्हणजे जोड-प्रोग्रॅमला, आमच्या कर्नलमधलं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, एक आतलं फंक्शन वापरायचंय, ते मी बाहेरच्यांसाठी खुलं करावं. "एकच ओळ तर आहे, मॅडम."

एकच ओळ, पण कर्नलचा तो भाग मी सांभाळते, मंजुरी माझ्या नावाने. ते फंक्शन मेमरी मोकळी करतं. एका वेळी एकानेच तिथे हात घालावा म्हणून आधी लॉक घ्यावं लागतं; ते घ्यायला कोणी विसरलं, तर अख्खं मशीन बंद पडतं. म्हणून वापरणारा कोड पाहिल्याशिवाय आम्ही काही खुलं करत नाही. मी कोड मागितला.

"तो देता येत न्हाय. नळदुर्गात राहून किल्लेदारीण झालात काय?" तो हसला. मी नाही. "अहो, ग्राहकांकडं मस्त चालू आहे आमचं."

चालू आहे? फंक्शन बंद असताना? म्हणजे यांनी कर्नल परस्पर बदलून ग्राहकांना दिलाय. उद्या काही कोसळलं, तर दाखवायला यांना माझी मंजुरी हवी. की मी उगाच संशय घेतेय? मग असली मागणी मेलवर, कर्नलवर काम करणाऱ्या सगळ्यांसमोर करायची पद्धत असताना हा फोनच का करतो?

"कळवते," एवढंच म्हणाले. मग सगळ्यांना दिसेल अशा मेलमध्ये नकार लिहिला. त्यात त्याचं ग्राहकांबद्दलचं वाक्य जसंच्या तसं घातलं.