सुईणीच्या गल्लीपाशी वाकलेली हद्द

४ मार्च

चि. छकू हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

लेकीच्या बाळंतपणाला गेलीस ती तिथेच रमलीस. इकडे तुझ्या घरावर संकट आलंय. दोन्ही देशांची हद्द समिती वीस तारखेला येतेय. सुईणीच्या गल्लीपाशी हद्द वाकडी का, ते मी सांगायचं. गावाचा इतिहास लिहिणारा मास्तर मीच ना! कारण पटलं नाही तर रेषा सरळ होणार आणि तुझ्या घरासकट सगळी गल्ली पलीकडच्या देशात जाणार.

पोस्टमन म्हणतो, तिथे ओढा होता. गिरणीवाला म्हणतो, लढाई झाली होती. काल मात्र बाबांची जुनी वही सापडली. हद्द आखताना साहेबाची मोजणीची साखळी तेच धरायचे ना! त्यात लिहिलंय, ‘हिला कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडे गेली तर येणार कशी? साहेब जेवायला गेले तेव्हा खुंट्या सरकवल्या.’ तारीख माझ्या जन्माची!

छकू, माझं डोकंच चालेनासं झालंय. खरं सांगू की तुझं घर वाचवू?

तुझा गोंधळलेला,
दादा

११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नातू झाला. गुटगुटीत आहे. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझाच राग आला. यात विचार कसला करतोस? माझा सगळा संसार त्या गल्लीत आहे. तिथे दलदल होती म्हणून वळसा घेतला, असं बाबा आपल्याला सांगायचे. तेच सांग. वही पिठाच्या डब्यात लपव. आणि खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, तेव्हा टोपी घाल.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी छकू

२१ मार्च

चि. छकूस आशीर्वाद.

टोपी घालून ‘दलदल’ म्हणालो. समितीच्या साहेबांनी जुना कागद काढला, तर त्यातही दलदलच! बाबांनी तेव्हाच्या साहेबालाही हेच सांगितलं असणार. मग साहेब म्हणाले, दाखवा. माझी पाचावर धारण बसली. पण दलदलीचं मी आधी फक्त तुझ्या जावेच्या कानावर घातलेलं, आणि गल्लीतल्या बायका दोन दिवस बादल्या ओतत होत्या. साहेबांचा बूट चिखलात रुतला तो निघेचना. गल्ली आपल्याकडेच राहिली. घर शाबूत आहे, निर्धास्त ये.

इतिहासाचं ते पान मात्र अजून कोरंच आहे. चाळीस वर्षं चुकीच्या उत्तराला भोपळा देत आलो. आता परीक्षेत पोरं ‘दलदल’ लिहितील, तेव्हा मार्क देऊ की भोपळा, तेवढं लोभ ठेवून कळव.

तुझा दादा