भाच्याची वाकडी मान

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा नमस्कार, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून.

तुझी कंबर आता बरी असेल. दाजींचा खोकला आणि राग, दोन्ही उतरले असतील. चिरंजिवाला तेलाच्या दुकानात बसवायचं म्हणून दाजी परत मागतात, ते रास्तच आहे. गुरुवारच्या गाडीनं पाठवून देतो. मात्र त्याची मान वाकडी दिसेल, घाबरू नकोस. (मी हात लावलेला नाही.)

त्याचं असं झालं. छापखान्यातून माझ्याकडे पुस्तक बांधणीला येतं ते कागदाच्या मोठाल्या तावांवर. एकेका तावावर पहिल्या पानाशेजारी आठवं, आणि वरची पानं उलटी, डोकं खाली पाय वर. घड्या घातल्या की सगळी मुकाट रांगेत येतात. पण घडी पडेपर्यंत तुझ्या कवी लेकाला दम कुठला? तो तसाच मान वाकडी करून वाचतो, तेही मोठ्यानं, आणि कविताही तशाच करतो. पहिल्या ओळीत नजरानजर, दुसऱ्या ओळीत नातवंडं.

परवा तर कहर झाला. एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलेली कादंबरी बांधायला आली होती. शेवटच्या तावात नायिका मरते, हे यानं आधीच वाचलं आणि तो ताव उशीखाली दडवला. मी पुस्तक तसंच बांधून दिलं (गोष्ट ऐकण्यात गुंगलो होतो, काय करू). न्यायाधीश काठी आपटत दारात हजर. मी माफी मागायला पुढे झालो, तर हा शांतपणे विचारतो, "आजोबा, ती जगली तर तुमचं काय बिघडतं?" जन्मभर लोकांना शिक्षा सुनावलेला तो माणूस बराच वेळ पुस्तक चाळत बसला. मग म्हणाला, "असू दे. सोडली तिला." माझ्या बांधणीची अब्रू मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा दाजींचंच खरं. तेलाच्या दुकानात निदान वाचायला काही नसेल.

तुझा,
भाऊ

ता. क. गुरुवारी पाठवत नाही. गाडीचं चाक मोडलंय.

आणखी ता. क. चाक धड आहे.

शेवटचा ता. क. मानेवर उपाय सापडलाय. मी टेबलाच्या पलीकडे बसतो. त्याच्या बाजूची पानं तो वाचतो, माझ्या बाजूची मी. गोष्ट पुढेमागे होते, आमचं काही अडत नाही. तुझी भावजय गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, ताई. दाजींना काय सांगायचं ते तू सांग. तो गेला तर अर्धी पानं मला उलटीच दिसतील, आणि माझी मान आता या वयात वळायची नाही.