राखणदाराची बाटली

परळ, मंगळवार

सौ. सुहासिनी हिस,

इकडे सर्व ठीक आहे. माझा खोकलाही थांबला. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर बोललो तर घरात सगळे ऐकतात, म्हणून हे लिहून आज गावी निघणाऱ्या अक्षदाच्या हाती देतो आहे.

गावच्या राखणदार देवाला नैवेद्य दाखवायची दारूची बाटली खोलीतल्या गाववाल्यांनी यंदाही मलाच आणायला लावली. "माळकरी माणूस. वाटेत घोटभर कमी व्हायची नाही!" सगळे हसले. तुझा भाऊ लवूही हसला. त्याने दारू सोडली त्याला आता तीन महिने झाले.

बाटली मी माझ्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. या खोलीत कुणी पेटीला कुलूप लावत नाही. लवू म्हणाला, "भावोजी, कुलूप बाटलीला की मला?"

मी आयुष्यात थेंब घेतला नाही, पण त्यासाठी मला काही सोसावंही लागलं नाही. त्याला रोज लागतं.

म्हणून काल बाटली त्याच्याच हातात दिली. गुरुवारी तो एकटा एसटीने निघेल. कालपासून जपाला बसतो, पण मन लागत नाही. देण्याआधी सील दोनदा पाहिलं, हे त्याला कळू देऊ नकोस.

तो पोचला की आधी चहा दे. पिशवी तो स्वतः उघडेपर्यंत तिच्याकडे बघू नकोस. मला ते जमलं नाही, तुला जमेल.

आईच्या पायांवर माझं डोकं.

तुझा,
विश्राम