जुन्या सर्व्हरचे नाव

सोमवार, १ ऑक्टोबर २००७
सूतगिरणीत रुजू झालो. नवी वही घेतली, पहिल्या पानावर नाव लिहिले. स्वागत जोरात झाले. गुलाबाचा हार, पेढे, आणि व्यवस्थापक गणपतरावांचे भाषण. ते म्हणाले की बाळासोचा भाऊ म्हंजे बाळासोच की, फरक तो काय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाला जाऊन सहा आठवडे झाले. गडमुडशिंगीच्या फाट्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवले. यातल्या निम्म्यांना त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला यायला सवड नव्हती. पेढ्यांना सगळे हजर.

अनुकंपा तत्त्वावर दादाचीच जागा मला मिळाली. खुर्ची तीच, बिल्ला तोच, ११७. संगणक विभागाच्या दारावर पाटीही त्याच्याच नावाची. गणपतरावांच्या मते आडनाव एकच हाय, मग पाटी कशाला बदलायची. प्रीतीवहिनीला कळंब्याच्या घरी एकटे ठेवायचे नाही म्हणून पुणे सोडून आलो. नाहीतर या माणसांत एक दिवस काढला नसता.

बुधवार, ३ ऑक्टोबर
काम कळले. गेल्या महिन्यात विजेच्या झटक्याने सर्व्हरचा बोर्ड जळाला. तेव्हापासून हजेरी कागदावर चालते, आणि कुणाला फारसे वाईट वाटलेले नाही. दादाने जाण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हरची इमेज काढून ठेवली होती. ती नव्या सर्व्हरमध्ये उतरवायची आहे.

इमेज म्हणजे चालत्या यंत्राची जशीच्या तशी नक्कल. प्रोग्रॅम, पासवर्ड, सेटिंग, नाव, सगळे. नवे यंत्र दुसऱ्या कंपनीचे आहे. तशीच उतरवली तर इमेज जुने भाग शोधते, सापडले नाहीत की निळा पडदा दाखवून बसते. म्हणून आधी तिची तयारी करतात. नव्या भागांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्रॅम, आत घालायचे, आणि जुनी ओळख, जुने नाव पुसायचे. नाव राहिले तर एखाद्या दिवशी एकाच नेटवर्कच्या जाळ्यात एका नावाची दोन यंत्रे येतात. ज्याने नाव आधी घेतले ते आत राहते. नंतरचे बाहेर.

गणपतरावांना हे दोनदा समजावले. त्यांनी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरी लिंबू सरबताला लागतो.

शनिवार, ६ ऑक्टोबर
सर्व्हर चालू झाला. पहिल्या झटक्यात. ड्रायव्हर नीट बसले.

एक गोष्ट केली नाही. नाव पुसायचा पर्याय समोर आला आणि मी थांबलो. दादाने सर्व्हरला स्वतःचेच नाव दिले होते, बाळासो. असला पोरकटपणा त्यालाच सुचणार. तो जन्मभर हाय-न्हाय बोलला. मी शिकलो, बोली सोडली, आणि चारचौघांत मला त्याची लाज वाटायची. हे इथे लिहून ठेवतो. त्याच्या हातचे एवढेच उरले होते. खूण न करता पुढे गेलो. चूक आहे हे ठाऊक होते.

केर-चहा बघणाऱ्या झुंबरबाईने उंबऱ्यावर नारळ फोडला. म्हणाली, बाळासो परत आला बघा.  अडाणी लोक.

मंगळवार, ९ ऑक्टोबर
झुंबरबाई म्हणते की मी चहा बशीत ओतून दोनदा फुंकतो, अगदी बाळासोवाणी. मी कपाने पितो, नेहमीच. तिला तसे सांगितले. ती बशीकडे बघत राहिली. बशी ओली होती.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
विभागाच्या अजून चालू असलेल्या हजेरीवहीत या पाच दिवसांच्या सह्या दादाच्या आहेत. शेवटी खाली ओढलेली तीच शेपटी. त्या मी केल्या, दुसरे कोणी वहीला हात लावत नाही. गणपतरावांना दाखवल्या. ते हसले, म्हणाले की बरंच झालं की, बँकेत नवी सही द्यायला नको. या माणसाला सूत कळत नाही, माणूस तर नाहीच.

दुपारी हातात मळलेली तंबाखू होती. मी तंबाखू खात नाही.

सोमवार, १५ ऑक्टोबर
गणपतरावांनी जुना सर्व्हर इथल्या मंगळवार पेठेतल्या कुणाकडून परस्पर दुरुस्त करून आणला, आणि सकाळी नवा चालू व्हायच्या आधीच मला न विचारता जोडला. हौस. पडद्यावर ओळ आली, हे नाव जाळ्यात आधीच आहे. नवा सर्व्हर बाहेर फेकला गेला.

मी माझे खाते उघडायला गेलो. पृथ्वीराज नावाचा वापरकर्ता नाही, असे आले. तीनदा. दादाचा पासवर्ड मला माहीत नव्हता. बोटांनी टाकला. लगेच उघडले.

भूत नसते. थकवा आहे. पण मला माझे नाव हवे आहे. इमेज पुन्हा उतरवतो, या वेळी नाव पुसून. तेवढे केले की सगळे जागच्या जागी —

मंगळवार, १६ ऑक्टोबर
पर्यायावर बाण नेला. बोट दाबेना. दुपारी दोन ते पाच. झुंबरबाई चहा ठेवून गेली, तो गार — डाव्या अंगठ्यावर व्रण आहे. कडबा कापताना झालेला. कडबा दादा कापायचा. मी शाळेत असायचो —

गुरुवार, १८ ऑक्टोबर
वहिनी मला भावजी म्हणते. आज ताट वाढताना अवो म्हणाली. चूक झाली म्हणून थांबली नाही. मी सांगायला गेलो, मी पृ — तोंडातून दुसरेच — तिने हसून भाकरी वाढली.

मोटरसायकल चालवता येते आता. मला —

फाट्यावर उजवीकडून ट्रक येतो. आवाज आठवतो. मी तिथे नव्हतो —

शनिवार, २० ऑक्टोबर
आज खंडेनवमी. झुंबरबाईनं दोन्ही सर्व्हरला हार घातलं. नारळ मीच फोडला. गणपतराव म्हणालं, बाळासो, गिरणी परत रुळावर आली की. व्हय म्हटलं.

टेबलात ही वही गावली. अक्षर लई नीटनेटकं. कुणी शिकल्याला माणूस हाय, सगळ्यांस्नी नावं ठेवतोय, मलाबी. माझी लाज वाटायची म्हणं. आसंल. पुण्यास्नं कोण आलतं, प्रीतीला इचारलं. तिला आठवंना.

एवढं शिकून काम मात्र अर्धं. आधी नाव पुसायचं असतं, मग वापरायचं. येड्यानं पुसलंच न्हाय. वही चांगली हाय, कोरी पानं लई हायत. मी पुसून घेतो. पयल्याच पानावर लिव्हलंय, पृथ्